खोली नको, खाट द्या

डॉर्मिटरीत खोली मिळत नाही, खाट मिळते. एवढं ध्यानात ठेवलं की पुढचे निम्मे रुसवेफुगवे टळतात. खिडकी आपल्या मालकीची नसते, पंख्याचा वेग आपण ठरवायचा नसतो, आणि रात्री दोनला कुणीतरी बॅगेची चेन उघडणार हे गृहीत धरायचं असतं. आपल्या हक्काची जागा साधारण सहा फूट बाय तीन फूट. तिच्यावर गादी, उशी, पांघरूण. तिच्याखाली किंवा शेजारी कुलूप लावता येईल असा एक कप्पा.

ही स्वस्ताई काही मालकाच्या भलेपणातून येत नाही. समजा एका खोलीत डबलबेड टाकून ती रात्रीला अडीच हजारांना जाते. त्याच खोलीत चार दुमजली खाटा बसवल्या आणि माणशी सहाशे लावले, तर भरल्या रात्री चार हजार आठशे गल्ल्यात पडतात. निम्म्या खाटा रिकाम्या राहिल्या तरी चोवीसशे सुटतात. पाहुण्याला स्वस्त आणि मालकालाही फायद्याचा असा हा दुर्मीळ सौदा आहे. त्याची किंमत वसूल होते ती सकाळी आठला बाथरूमबाहेरच्या रांगेत. म्हणून बुकिंग करताना फोटोतल्या रंगीत भिंती आणि गिटार बघण्यापेक्षा किती माणसांमागे एक न्हाणीघर आहे ते विचारावं. चारा-पाचांमागे एक असेल तर ठीक. दहा-बारांमागे एक असेल, तर पहाटे उठायची तयारी ठेवावी.

खाट भाड्यानं देण्याची ही कल्पना बॅकपॅकवाल्या पाहुण्यांनी आपल्याकडे आणली असं कुणी म्हणालं, तर मुंबईकरानं हसावं. ‘कॉट बेसिस’ हा मुंबईचा जुना शब्द आहे. गिरणगावात एका खोलीत दहा-पंधरा पुरुष राहत आणि सगळे एकदम झोपत नसत. रातपाळीचा गडी सकाळी येऊन पडायचा तेव्हा दिवसपाळीवाला उठून गेलेला असायचा. जेवण खाणावळीत. खाणावळ बहुधा एखाद्या बाईची, घरच्याच चुलीवर चालणारी. प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं ते याच खाणावळवाल्या बायकांना सावकाराच्या कचाट्यातून सोडवण्यासाठी. एकाच खोलीत एवढी माणसं, तीही पाळीपाळीनं, महिनोन्‌महिने कशी नांदली असतील?

डॉर्मिटरीचा सगळा इतिहास हा खरं तर याच प्रश्नाभोवती फिरतो. झोपलेला माणूस पूर्ण असहाय असतो. पाकीट उघड्यावर, तोंड उघडं, भान नाही. अशा अवस्थेत परक्या माणसाच्या हातभर अंतरावर तो निर्धास्त पडू शकतो, यासाठी काहीतरी व्यवस्था लागते. ती व्यवस्था काळागणिक बदलत गेली, खाट तीच राहिली.

मुंबईचं पहिलं उत्तर सरळ होतं: परका माणूस आत घ्यायचाच नाही. गिरणगावातल्या खोल्या बऱ्याचदा गावकीच्या असत. रत्नागिरीकडच्या एखाद्या वाडीच्या ग्रामस्थ मंडळानं चाळीत खोली घेतलेली असे आणि गावाहून नोकरीच्या शोधात आलेला पोरगा स्टेशनवरून थेट तिथं वळकटी टाके. कोण कुणाचा कोण, हे सगळ्यांना ठाऊक. चोरी केली तर बातमी त्याच्या आधी गावात पोचणार. कुलपाची गरज कशाला?

या पद्धतीचा सगळ्यात नेटका नमुना म्हणजे गोंयकारांची कूड. एकोणिसाव्या शतकापासून गोव्यातले ख्रिस्ती पुरुष मुंबईत येत राहिले. कुणी बोटीवर खलाशी, कुणी साहेबाकडे स्वयंपाकी, कुणी बँडमध्ये वाजवणारा. त्यांच्या गावांनी धोबीतलाव, माझगाव, कावेल या भागांत आपापले क्लब काढले. मेट्रो सिनेमाजवळच्या जेर महाल या जुन्या इमारतीत अशा कुडी एकावर एक आहेत. आत गेलं की लांबट दालन, भिंतीकडेनं ओळीनं लावलेल्या ट्रंका आणि दर्शनी बाजूला गावच्या संताची वेदी. संध्याकाळी सगळ्यांनी मिळून रोझरी म्हणायची. रात्री आपापल्या ट्रंकेपुढे चटई किंवा गादी अंथरायची. सभासद असावा तो त्याच गावचा. बायकांना मुक्कामाची परवानगी नाही. महिन्याची वर्गणी अगदी किरकोळ.

खलाशाच्या दृष्टीनं कुडीची खरी किंमत ट्रंकेत होती. तो सहा-आठ महिने समुद्रावर असायचा आणि त्या काळात खाटेचं भाडं भरणं त्याला परवडलं नसतं. कुडीत ट्रंक राहायची, माणूस जायचा. परत आला की पुढचं जहाज मिळेपर्यंत तिच्याशेजारी पथारी. पत्रं तिथंच यायची, नोकरीची बातमी तिथंच लागायची. आजच्या हॉस्टेलांत ‘लगेज रूम’ म्हणून जी सोय असते, तिचा हा पूर्वज.

या व्यवस्थेची दुसरी बाजूही सांगायला हवी. ‘आपला माणूस’ म्हणताना कोण आपला नाही हेही ठरतंच. कुडी गावानुसार होत्या आणि काही ठिकाणी गावातल्या जातींनुसारही. आपल्या तीर्थक्षेत्रांतल्या धर्मशाळांच्या पाट्या वाचत गेलं तर अमुक समाज धर्मशाळा, तमुक ज्ञाती धर्मशाळा अशी यादीच हाती लागते. परक्याशेजारी झोपण्याची आपली अडचण चोराच्या भीतीपुरती कधीच नव्हती, विटाळाचीही होती. पंढरपुरात विठोबाच्या गावी येणाऱ्या दलित वारकऱ्यांना पाठ टेकायला जागा मिळेना, म्हणून गाडगेबाबांनी चोखामेळा धर्मशाळा बांधली आणि पुढे ती डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली. आठ खाटांच्या खोलीत आज आडनाव न विचारता खाट मिळते, ही साधी गोष्ट वाटते. ती तशी साधी नाही.

दुसरं उत्तर जर्मनीतून आलं. रिचर्ड शिरमान हे वेस्टफालियातल्या आल्टेना गावचे शाळामास्तर. पोरांना वर्गात कोंडून ठेवण्यापेक्षा रानावनात हिंडवावं, या मताचे. २६ ऑगस्ट १९०९ रोजी ते मुलांची पायी सहल घेऊन निघालेले असताना ब्र्योलच्या खोऱ्यात वादळानं गाठलं. सुटी असल्यामुळे रिकाम्या पडलेल्या एका शाळेत आसरा मिळाला. शेतकऱ्यानं अंथरायला पेंढा दिला, प्यायला दूध दिलं. बाहेर विजा कडाडत होत्या, पोरं गाढ झोपली होती आणि मास्तर जागे. सुट्टीत देशभरातल्या शाळा अशाच ओस पडतात, मग त्या हिंडणाऱ्या मुलांना मुक्कामाला का देऊ नयेत, हा विचार त्यांना त्या रात्री सुचला. १९१२ मध्ये आल्टेनाच्या जुन्या किल्ल्यात जगातलं पहिलं कायमस्वरूपी युवा वसतिगृह सुरू झालं. त्या वेळच्या लाकडी मजलेदार खाटा तिथं संग्रहालय म्हणून जपून ठेवल्या आहेत. १९३२ साली ॲमस्टरडॅममध्ये निरनिराळ्या देशांच्या संघटना एकत्र आल्या आणि आंतरराष्ट्रीय महासंघ झाला. शिरमान त्याचे अध्यक्ष. वर्षभरात हिटलर सत्तेवर आला, वसतिगृहं हिटलर युवा संघटनेकडे गेली आणि मास्तरांना बाजूला व्हावं लागलं. आपल्याकडच्या यूथ हॉस्टेल्स असोसिएशनची मुळं याच चळवळीत आहेत. ट्रेकवाल्या मराठी मंडळींना हे नाव नव्यानं सांगायला नको.

शिरमानांच्या वसतिगृहात मुलं एकमेकांना अनोळखी असली तरी चालत होतं, कारण तिथं शिस्त होती. एक जोडपं देखरेखीला राहायचं. जर्मन लोक त्यांना वसतिगृहाचे आई-वडीलच म्हणत. ठरल्या वेळी दार बंद, दिवे बंद, दारू नाही, आणि सकाळी निघण्यापूर्वी झाडलोट करायची. म्हणजे गावाच्या जागी वॉर्डन आला. सुटीतल्या कोंदट आश्रमशाळेची आठवण येईल असा हा कारभार वयात आलेल्या माणसाला जाच वाटला तर नवल नाही, पण त्यानं परक्यांना एका छपराखाली आणलं, हे मान्य करावंच लागेल.

मुंबईत अशा धर्तीची जुनी जागा म्हणजे ताजमहाल हॉटेलच्या मागल्या गल्लीतलं साल्वेशन आर्मीचं रेड शील्ड हाउस. पुढच्या बाजूला शहरातलं सर्वांत महागडं दार, मागच्या बाजूला सर्वांत स्वस्त खाट. भटक्या गोऱ्या पाहुण्यांचा हा ठरलेला अड्डा. हिंदी सिनेमाच्या गर्दीत गोरे चेहरे हवे असले की एजंट लोक कुलाब्याच्या याच फुटपाथवर सावज हेरत, आणि आदल्या रात्री खाटेवर तळमळलेला एखादा पाहुणा दुसऱ्या दिवशी सूट घालून पडद्यावरच्या पार्टीत ग्लास धरून उभा असे.

२०१३ मध्ये जोधपूरला झोस्टेलचं पहिलं हॉस्टेल उघडलं आणि त्यानंतर शहरोशहरी या धर्तीची हॉस्टेलं निघाली. यांचं उत्तर तिसरं: गाव नको, वॉर्डन नको, कुलूप आणि रेटिंग पुरे. दार कार्डानं उघडतं, जिन्यात कॅमेरा असतो, आधार कार्डाची नोंद होते. पाहुणा परदेशी असेल तर चोवीस तासांच्या आत त्याची माहिती परदेशी नागरिक नोंदणी कार्यालयाला कळवणं मालकाला बंधनकारक असतं. पाहुणा हॉस्टेलला तारे देतो, आणि धिंगाणा घातलाच तर हॉस्टेल त्याला पुन्हा दारात उभं करत नाही. नजर गावाचीच आहे, फक्त ती आता मोबाइलमधून येते.

ही हॉस्टेलं चांगली की वाईट, हे खाट बघूनच कळतं. लोखंडी खाटेचे नट सैल असतील तर वरचा माणूस कुशीवर वळला की खालच्याला जाग येते. म्हणून पोचल्या पोचल्या खाट हलवून पाहावी. पडदा असेल तर खाटेची खोली होते. निव्वळ एका सुती पडद्यापोटी माझ्या लेखी हॉस्टेलचा दर्जा एका पायरीनं चढतो. उशाशी स्वतःचा प्लग पॉइंट आणि छोटा दिवा हवा, नाहीतर एका बोर्डापाशी आठ चार्जर गुंततात आणि ‘जरा दिवा लावू का’ हे रात्रभर चालतं. वरच्या खाटेचं एक वर्म आहे. शिडी गोल नळीची असेल तर अनवाणी तळव्यांना ती रुतते, आणि रात्री उतरायचं म्हटलं की ते दुखणं आठवतं. चपट्या पायऱ्या असतील तर वर जायला हरकत नाही. वर उजेड जास्त, पण ये-जा कमी. खालची खाट सोयीची खरी, मात्र दिवसा ती सार्वजनिक बाक होते. एसी कुठं आहे तेही पाहावं. वरची खाट त्याच्या झोतात आली की मे महिन्यातही कानटोपी आठवते. कुलूप स्वतःचं न्यावं. हॉस्टेलच्या कुलपाची दुसरी किल्ली कुठं असते हे आपल्याला माहीत नसतं.

आता झोप. नव्या जागी पहिल्या रात्री झोप लागत नाही, याला आपण जागापालट म्हणून सोडून देतो. २०१६ मध्ये अमेरिकेतल्या ब्राऊन विद्यापीठातल्या संशोधकांनी त्यामागचं गमतीशीर कारण दाखवलं. अनोळखी ठिकाणी पहिल्या रात्री माणसाच्या मेंदूचा डावा अर्धगोल उजव्याइतका गाढ झोपत नाही. तो बारीकसारीक आवाजांवर नजर ठेवून असतो आणि वेगळा आवाज आला की लवकर जागं करतो. डॉल्फिन आणि काही पक्षी मेंदूच्या एकेका बाजूनं झोपतात, त्याचीच ही पुसट खूण म्हणायची. दुसऱ्या खेपेला तिथंच झोपवलं तेव्हा हा फरक राहिला नव्हता. याचा व्यवहारातला अर्थ असा, की दोन रात्री मुक्काम असेल तर स्वस्ताच्या मोहात दुसऱ्या दिवशी दुसऱ्या हॉस्टेलात उडी मारू नये. मेंदूला पहारा पुन्हा पहिल्यापासून सुरू करावा लागतो.

त्या पहारेकऱ्याचा मुख्य शत्रू म्हणजे घोरणारा. झोपेत घशाचे स्नायू सैलावतात, वाट अरुंद होते आणि श्वासासरशी मऊ टाळू थरथरते. उताणं झोपलं की जीभ मागं येते, दारू प्यायली की स्नायू आणखी सैल पडतात. त्यामुळे शनिवारच्या रात्री डॉर्म जरा जास्तच गर्जतं. घोरणाऱ्याला गदागदा हलवून उठवणं शिष्टाचारात बसत नाही आणि उपयोगीही पडत नाही. फोमचे कानातले बोळे तीस-चाळीस रुपयांत मिळतात, पण बरेच जण ते नुसते कानाच्या तोंडाशी अडकवतात आणि काम करत नाहीत म्हणून फेकून देतात. बोळा दोन बोटांत चोळून बारीक करायचा, दुसरा हात डोक्यावरून नेऊन कान वर-मागे ओढायचा, बोळा आत सारायचा आणि तो फुगेपर्यंत अर्धा मिनिट दाबून धरायचा. मग शेजारचा आगगाडी असो की माणूस, फार फरक पडत नाही.

आणि ढेकूण. डॉर्मिटरीच्या विषयात यांना टाळून पुढं जाता येत नाही. भारतात उष्ण प्रदेशातली सायमेक्स हेमिप्टेरस ही जात जास्त. थंड देशांत तिची बहीण सायमेक्स लेक्ट्युलॅरियस. पूर्ण वाढलेला ढेकूण चार-पाच मिलिमीटरचा, जवसाच्या दाण्याएवढा. दिवसा गादीच्या शिवणीत, खाटेच्या सांध्यात, भिंतीच्या भेगेत दडतो. रात्री आपल्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड आणि अंगाची ऊब यांचा माग काढत येतो. त्याच्या लाळेत बधिर करणारी आणि रक्त गोठू न देणारी द्रव्यं असतात, म्हणून पाच-दहा मिनिटं रक्त ओढून तो निघून जातो तरी पत्ता लागत नाही. पिल्लाला मोठं होईपर्यंत पाच वेळा कात टाकावी लागते आणि दर वेळी आधी रक्त प्यावं लागतं. उपाशी तो महिनोन्‌महिने तग धरतो, त्यामुळे खोली महिनाभर बंद ठेवून ढेकूण जात नाहीत.

ढेकणांचा संबंध लोक अस्वच्छतेशी जोडतात, ते अर्धंच खरं. त्यांना घाण नको, माणूस हवा, आणि रोज नवा माणूस नवी बॅग घेऊन येतो अशी जागा तर फारच हवी. डीडीटीनंतर कित्येक देशांत ते जवळपास संपले होते. विसाव्या शतकाच्या अखेरीस प्रवास वाढला, पायरेथ्रॉइड जातीच्या औषधांना ते दाद देईनासे झाले आणि पुन्हा पसरले. २०२३ च्या शरद ऋतूत पॅरिससारख्या शहराची त्यांनी झोप उडवली होती. एक दिलासा आहे: ढेकणांमुळे माणसांत एखादा रोग पसरतो असं अजून सिद्ध झालेलं नाही. खाज मात्र खरी. तीही कधी लगेच उठते, कधी काही दिवसांनी. त्यामुळे आजच्या गांधीला आजचंच हॉस्टेल जबाबदार, असं छातीठोक सांगता येत नाही.

खाटेवर बसण्याआधी चादर एका कोपऱ्यातून उचलून गादीच्या शिवणीवर मोबाइलचा उजेड टाकावा. शाईचे बारीक ठिपके असावेत तसे काळे डाग दिसले तर ते त्यांच्या विष्ठेचे. खोली बदलून मागावी, शेजारची खाट नव्हे. बॅग गादीवर ठेवू नये. घरी आल्यावर कपडे कडकडीत पाण्यात भिजवावेत, कारण पन्नास अंश सेल्सिअसला ढेकूण आणि त्यांची अंडी टिकत नाहीत. आपल्या आज्या खाट नुसती उन्हात टाकून थांबत नसत, तिच्या सांध्यांत उकळतं पाणी ओतत, ते शास्त्राला धरूनच होतं. नुसत्या उन्हात ढेकूण सावलीच्या बाजूला सरकतो.

एकट्या बाईनं डॉर्ममध्ये राहावं का, हे विचारणारे अजून भेटतात. कुडीत आणि गावकीच्या खोलीत तिला जागाच नव्हती. आता फक्त बायकांसाठीचं डॉर्म बहुतेक हॉस्टेलांत असतं, बरेचदा जरा महाग. विचारायच्या गोष्टी दोनच: न्हाणीघर त्या खोलीच्या आत आहे का, आणि रात्री काउंटरवर कोण असतं. उत्तर देताना फोनवरचा माणूस अडखळला तर दुसरा नंबर फिरवावा.

शहरातली सगळ्यांत दुर्लक्षित डॉर्मिटरी रेल्वेची. मोठ्या स्थानकांच्या विश्रांतिकक्षांत डॉर्मच्या खाटा असतात आणि लांब पल्ल्याच्या पक्क्या तिकिटाच्या पीएनआरवर त्या मिळतात. परीक्षेला किंवा मुलाखतीला आलेल्या पोरांना याइतकं सोयीचं काही नाही. २०२१ च्या नोव्हेंबरात मुंबई सेंट्रलला भारतीय रेल्वेचं पहिलं पॉड हॉटेल सुरू झालं, ४८ कप्प्यांचं. कल्पना मूळची जपानची. किशो कुरोकावा या वास्तुरचनाकारानं १९७९ साली ओसाकात पहिलं कॅप्सूल हॉटेल उभारलं, शेवटची गाडी चुकलेल्या नोकरदारांना डोळ्यांसमोर ठेवून.

दादरला गाडगे महाराज धर्मशाळेत मात्र खाटेचा हक्क ठरतो रुग्णालयाच्या कागदांवर. टाटा रुग्णालयात उपचार घेणारे गावोगावचे कर्करुग्ण आणि त्यांचे नातलग तिथं राहतात. एका रात्रीचा पाहुणा तिथं कुणी नाही. किमोच्या फेऱ्या जितक्या, तितका मुक्काम.

आणि ज्याचं घर याच शहरात आहे, त्याचं काय? बहुसंख्य हॉस्टेलं स्थानिक पत्त्याचं ओळखपत्र घेत नाहीत. पोलिसांची कटकट नको, गाववाल्यांच्या पार्ट्या नकोत, हे त्यामागचं कारण. कुडीला फक्त आपला माणूस चालायचा. इथं अख्ख्या जगाला खाट आहे, फक्त आपल्या माणसाला नाही. शेवटची कर्जत लोकल चुकलेल्या डोंबिवलीकराला हॉस्टेलवाला आधार बघून परत पाठवतो, आणि विश्रांतिकक्षाची खिडकी लोकलच्या पासावर खाट देत नाही. त्याला पहाटे चारच्या सुमाराची पहिली गाडी सुटेपर्यंत फलाटावरचा बाक, तोही रेल्वे पोलिसानं काठी आपटून उठवेपर्यंत.